हाफकिन आणि प्लेगची लस

मुंबईत परळला एक जुनी, भव्य इमारत आहे. एके काळी तिथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आता तिला हाफकिन संस्था म्हणतात. साप चावल्यावर जे औषध टोचतात त्याच्या निमित्ताने हे नाव तुमच्या कानावर आले असेल. पण हाफकिन हे औषधाचे नाव नाही आणि एखाद्या गावाचेही नाही. ते एका माणसाचे नाव आहे. त्या माणसाची हकिकत तुम्हांला सांगायची आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेन देशात आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. मेचनिकोव हे नामांकित शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. हाफकिन अतिशय हुशार होते, पण त्या काळी रशियात यहुद्यांना मोठ्या जागा मिळत नसत. शेवटी त्यांनी देश सोडला. प्रथम ते स्वित्झर्लंडला आणि मग पॅरिसला गेले. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची मोठी प्रयोगशाळा होती. तिथे त्यांना काम मिळाले ते ग्रंथालयात! दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी पटकीच्या म्हणजे कॉलऱ्याच्या साथी वारंवार येत आणि हजारो माणसे मरत. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. ती माणसाला सोसेल का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. थोडा ताप आला आणि उतरला. लस घातक नाही एवढे त्यावरून समजले. पण ती पटकीपासून वाचवते का? एका माणसाने टोचून घेतल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. त्या माणसाला कदाचित पटकी झालीच नसती. उत्तर हवे तर जिथे पटकी खरोखर येते तिथे जाऊन पुष्कळ लोकांना लस टोचावी लागते आणि मग मोजावे लागते. यासाठी १८९३ साली हाफकिन हिंदुस्थानात आले.

मोजावे लागते म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण हाफकिन यांचे सगळे आयुष्य या मोजण्याभोवती फिरले.

समजा, एका गावात शंभर लोकांनी लस घेतली आणि त्यांतले दोघेच आजारी पडले. लस चांगली ठरली का? अजून नाही. लस न घेतलेल्या शंभर लोकांपैकी किती आजारी पडले, हे कळायला हवे. तिथेही दोघेच पडले असतील तर लसीने काही केले नाही. आणखी एक अडचण आहे. लस घ्यायला आपणहून कोण पुढे येतो? बहुधा शिकलेला, खाऊनपिऊन सुखी, स्वच्छ घरात राहणारा. तो तसाही कमी आजारी पडतो. मग लसीचा गुण कोणता आणि चांगल्या घराचा गुण कोणता, हे कसे ओळखायचे? यावर उपाय एकच. टोचलेले आणि न टोचलेले लोक एकाच ठिकाणचे, एकच पाणी पिणारे आणि एकच अन्न खाणारे असावेत.

१८९४ साली कलकत्त्याच्या काठाल बागान या गरीब वस्तीत पटकी आली. तिथे सुमारे दोनशे माणसे राहत होती. हाफकिन यांनी त्यांतल्या ११६ जणांना लस टोचली. त्यानंतर वस्तीत पटकीने सात माणसे मेली. ती सगळी लस न टोचलेली होती. एका वस्तीवरून सारे ठरत नाही, पण कलकत्त्याच्या लोकांचा विश्वास वाढू लागला. दोन-अडीच वर्षांत हाफकिन यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. हिंडून हिंडून त्यांना हिवताप जडला आणि विश्रांतीसाठी युरोपात परतावे लागले.

ते पुन्हा आले आणि त्यानंतर मुंबईवर वेगळेच संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात माणसांना कडक ताप येऊ लागला आणि काखेत, जांघेत गाठी दिसू लागल्या. हा प्लेग आहे, हे डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखले. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांना मजूर मिळेनात. लाखो लोक गावी निघाले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही निघाला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारने काय केले? गटारांत कार्बोलिकचे पाणी ओतले, घरांना चुना फासला, अंथरुणे जाळली. रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात नेले आणि घरातल्यांना छावणीत ठेवले. पुण्यात तर गोरे शिपाई थेट माजघरात शिरू लागले. त्या संतापातून जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांना गोळी घातली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. १८९८ साली कराचीत सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते दाखवून दिले, तरी त्यांचे म्हणणे पटायला आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत चुना आणि कार्बोलिक चालूच होते. त्यांचा किती उपयोग होतो, हे मात्र कोणी मोजत नव्हते.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना कामाला लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस बनवायला घेतली. मांसाच्या कढणावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वाढत आणि छताला जाळी लोंबावी तसे खाली लोंबत. जंतू भरपूर वाढले की कढण तापवून ते मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक घालायचे. हे मेलेले जंतू म्हणजे लस. शरीराला शत्रूची ओळख पटते, पण शत्रू लढू शकत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही इतरांना देण्याच्या मात्रेपेक्षा पुष्कळ जास्त. जोराचा ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना हाफकिन यांनी लस टोचली. सुमारे निम्मे कैदी तयार झाले. लस टोचली त्याच दिवशी काहींना प्लेगची लक्षणे दिसली. त्यांना लागण आधीच झालेली होती, म्हणून त्यांची गणना वेगळी ठेवली गेली. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कोणीच नाही. पुढे उमरखाडीच्या तुरुंगात तर सगळेच कैदी लस मागू लागले. तेव्हा त्यांना रांगांत बसवून एक सोडून एकाला लस टोचली. कोणाला लस मिळावी, हे ना कैद्याने ठरवले ना डॉक्टरांनी. तिथेही मृत्यू आले ते न टोचलेल्यांच्या वाट्याला.

कैद्यांवर असा प्रयोग करावा का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो योग्य प्रश्न आहे. आज असे काही करायचे तर कडक नियम आहेत आणि प्रत्येकाची मोकळी संमती लागते. तुरुंगातल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

१८९८ साली बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिन यांनी याहून काटेकोर मोजणी केली. एकेक कुटुंब समोर बोलावले आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस टोचली. बायका, पुरुष, मुले, अशक्त माणसे दोन्ही बाजूंना सारखी येतील, हे पाहिले. घर एक, चूल एक, उंदीरही तेच! नंतर ज्या कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत लस टोचलेली ७१ माणसे होती. त्यांतली ८ आजारी पडली आणि ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ मेली. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. प्रत्येक आकड्यामागे घरातलेच कोणी तरी आहे. एक भाऊ वाचला आणि एक गेला, असेही काही घरांत झाले असेल.

आकडे कागदावर होते, पण लोकांच्या मनात भीती होती. सुईविषयी नाना अफवा उठत. अशा वेळी मुंबईच्या खोजा जमातीचे तरुण इमाम, आगाखान सर सुलतान मोहम्मद शाह पुढे आले. तेव्हा ते अवघे विशीचे होते. त्यांनी चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि ही बातमी सगळीकडे पोहोचेल याची काळजी घेतली. हाफकिन यांच्या कामासाठी त्यांनी माझगावची खुश्रू लॉज ही आपली वास्तूही दिली. त्यांच्या जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली. एका यहुदी शास्त्रज्ञाच्या लसीसाठी मुसलमान पुढाऱ्याने आपला दंड पुढे केला. शिपायांच्या बंदुकांना जे जमले नाही ते त्या दंडाने केले, असे मला वाटते.

सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही सारे आकडे तपासले. हाफकिन यांच्या मोजणीतल्या उणिवा त्यांनी दाखवल्या, पण लसीने आजार आणि मृत्यू दोन्ही कमी होतात हे मान्य केले. १८९९ साली परळची ती गव्हर्नरांची जुनी इमारत प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाली. तिथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

आणि मग मुलकोवालची घटना घडली. हे गाव पंजाबात आहे, आज ते पाकिस्तानात येते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती.

धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे, परळला की मुलकोवालला? चौकशी समितीने दोष परळला दिला. लस बनवण्याच्या रीतीत हाफकिन यांनी बदल केला होता आणि कार्बोलिक वगळले होते, यावर बोट ठेवले गेले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. ते वैद्यकी शिकलेले डॉक्टर नव्हते, परदेशी होते आणि यहुदी होते. त्यांची बाजू घेणारे सरकारी कचेऱ्यांत थोडेच होते.

पण चौकशीच्या कागदपत्रांतच एक साधी नोंद होती. मुलकोवालला बाटली उघडण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो आगीत किंवा उकळत्या पाण्यात न धरता नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि एवढ्याने ते मरत नाहीत. एकोणीस माणसे गेली ती एकाच बाटलीतून आणि तीही एकाच गावात. त्याच हंगामात पंजाबात लाखो लोकांना परळचीच लस टोचली होती. तरी या नोंदीकडे कोणी नीट पाहिले नाही. हाफकिन यांच्या एकेका आकड्याची झडती घेणाऱ्या सरकारने त्यांना दोषी ठरवताना मात्र तेवढी झडती घेतली नाही.

हिवतापाचा जंतू डासात शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला. १९०७ साली रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र छापले आणि दोष परळचा असल्याचे सिद्ध होत नाही, हे पुराव्यानिशी मांडले. सरकारला हाफकिन यांना परत बोलवावे लागले. पण परळला नाही, कलकत्त्याला. प्लेगची लस त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते आपल्या धर्माच्या अभ्यासात रमले.

ती लस आज नेहमीच्या वापरात नाही. प्लेगवर आता प्रतिजैविके आहेत आणि वेळेवर दिली तर रोगी बरा होतो. पण टोचलेले आणि न टोचलेले यांची शेजारी शेजारी गणती करण्याची रीत राहिली. आज कोणतीही नवी लस सर्वांना देण्याआधी तशीच गणती करतात, फक्त आणखी कडक नियमांनी.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही बातमी त्यांना दूर युरोपात कळली. उत्तरादाखल त्यांनी मुंबईला पत्र पाठवले. आयुष्याची सर्वांत चांगली वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, असे त्यांनी त्यात कळवले. संस्थेला त्यांनी शुभेच्छाही दिल्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचा मृत्यू झाला.