माणिकबागेचे यशवंतराव

इंदूरच्या आपल्या घरांतून एमवाय हा शब्द सतत कानावर पडतो. कुणाला अपघात झाला, रात्री-अपरात्री कुणाची तब्येत बिघडली, की आपण एमवायला धावतो. त्या दोन अक्षरांमागचे महाराजा यशवंतराव मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. होळकरांचे यशवंतराव म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते इंग्रजांशी झुंजलेले पहिले यशवंतराव. आज आम्ही सांगणार आहोत ती दुसऱ्या यशवंतरावांची गोष्ट. त्यांनी लढाया केल्या नाहीत. एक घर सजवले. त्या घराची कीर्ती जगभर गेली, आणि आपल्या गावात मात्र ती जवळजवळ विसरली गेली.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूरला झाला. १९२४ साली, शाळकरी वयातच, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, मुंबईत गाजलेल्या बावला खून प्रकरणानंतर, वडील तुकोजीराव महाराजांना गादी सोडावी लागली आणि सतराव्या वर्षी यशवंतराव महाराज झाले. पूर्ण अधिकार हाती आले ते मे १९३० मध्ये. मधली वर्षे मुख्यतः इंग्लंडमध्ये शिक्षणात गेली. ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुटेझियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली. मुटेझियस त्यांच्याहून चारच वर्षांनी मोठे. दोघांनाही जुन्या राजवाड्यांतल्या झुंबरांपेक्षा नव्या काळाच्या साध्या, सरळ रेषा आवडत. मैत्री जमायला तेवढे पुरे होते.

तो काळ पॅरिसच्या कलाप्रदर्शनांचा होता. सजावटकारांच्या वार्षिक प्रदर्शनात नुसती खुर्ची किंवा नुसता दिवा मांडत नसत. अख्खी खोलीच उभी करत. झोपायची खोली, अभ्यासिका, जेवणघर, सगळे जणू घरमालक आत्ताच उठून बाहेर गेला आहे अशा थाटात. प्रेक्षक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडे आणि आपण इथे राहिलो तर कसे वाटेल याची मनाशी कल्पना करी. आपल्याकडे जत्रेत हिंडताना घ्यायचे एक असते आणि डोळे भरून पाहायचे शंभर. तीच मौज तिथेही होती. यशवंतराव आणि संयोगिताराजे या जगात रमले. आँरी-पिएर रोशे हे कलेचे जाणकार लेखक त्यांना कलावंतांच्या कार्यशाळांत घेऊन गेले. मॅन रे यांनी या तरुण जोडप्याची छायाचित्रे काढली. चित्रकार बुते द मोंव्हेल यांनी यशवंतरावांना एकदा पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या पोशाखात रंगवले आणि नंतर पांढऱ्या मराठा वेशात, डोक्यावर पगडी घालून. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर परका कुठला आणि आपला कुठला हे सांगता येत नाही. दोन्हींत माणूस तितकाच सहज वाटतो.

या पाहण्या-हिंडण्यातून माणिकबाग घडली. १९३० ते १९३३ या काळात मुटेझियस यांनी इंदुरात हे काम केले. बरेचसे सामान युरोपात बनवून बोटीने आणले गेले. रूलमान यांचे काळ्याभोर एबनी लाकडाचे टेबल, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बिबट्याच्या कातड्याने मढवलेली लांब खुर्ची, दा सिल्व्हा ब्रून यांचे गालिचे, प्विफोर्का यांची चांदीची भांडी. पलंग लाकडाचे नव्हे, धातू आणि काचेचे. ते सोन्यो आणि अलिक्स या जोडीचे. मुटेझियस यांनी स्वतः ग्रंथालयासाठी तांबड्या खुर्च्या केल्या. त्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले होते, वाचणाऱ्याने बसावे आणि उजेड आपोआप पुस्तकावर पडावा म्हणून. इंदूरच्या उन्हाळ्यावर उपाय म्हणून वातानुकूलनही होते. मित्राकडून यशवंतरावांनी रेल्वेच्या खास डब्याची सजावटही करून घेतली.

हे सारे संस्थानच्या पैशातून झाले, आणि तेही जगभर मंदी असताना. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. पण त्या काळी कित्येक राजे जुन्या युरोपीय महालांच्या नकला उभारत होते, तेव्हा या तरुण जोडप्याने हयात कलावंतांना काम दिले, हेही तितकेच खरे आहे.

रोशे यांच्यामुळेच शिल्पकार ब्रांकुसी यांच्याशी ओळख झाली. त्यांच्या अवकाशातील पक्षी या मालिकेतली तीन शिल्पे यशवंतरावांनी घेतली: एक ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले. मध्ये पाणी, भोवती पक्षी, आणि आत जायला जमिनीखालून वाट, अशी कल्पना होती.

पण जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. मागे लहानगी मुलगी होती. १९३८ च्या सुरुवातीला ब्रांकुसी इंदूरला येऊन गेले, पण मंदिराचा एक दगडही बसला नाही. घर दोघांनी मिळून पाहिले होते, निवडले होते. त्यातले एक माणूस गेल्यावर पुढची निवड थांबली, असे आम्हाला वाटते.

यशवंतरावांनी पुढे दोनदा विवाह केला. त्यांच्या आश्रयाखाली होळकर संघाने सी. के. नायडूंच्या काळात रणजी करंडक गाजवला. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ते तिथले उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

माणिकबागेतले सामान १९८० साली माँटे कार्लोच्या लिलावात विकले गेले आणि जगभर पांगले. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियात. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरवले. ज्या शहराच्या प्रदर्शनांत ते तरुणपणी हिंडले, तिथेच त्यांचे घर प्रदर्शनात मांडले गेले. इथली इमारत उभी आहे. तिच्यात केंद्राच्या कर खात्याचे कार्यालय चालते. समोरून जाताना आपण गाडीचा वेगही कमी करत नाही.

वस्तू परत येणार नाहीत. पण आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा होळकर दरबारात नोकरीला असतील, कुणाच्या आजीने माणिकबाग आतून पाहिलेली असेल. ट्रंकेत एखादा जुना फोटो, एखादे निमंत्रणपत्र पडलेले असेल. तेवढे शोधा, वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या आणि मंडळाकडे पाठवा. पॅरिसकडे खुर्च्यांची नोंद आहे. त्या घरात वावरलेल्या मराठी माणसांच्या आठवणी मात्र आपल्याच घरांत मिळतील.