लहुजी वस्ताद : तालीम ते पाठशाळा

वस्ताद आपल्या पठ्ठ्याला सगळे डाव शिकवितो, परंतु एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो, अशी समजूत महाराष्ट्राच्या तालमींतून पूर्वापार चालत आली आहे. समाजव्यवस्थेकडे याच दृष्टीने पाहिले तर आम्हांस असे दिसते की, वर्णव्यवस्थेने तळाच्या माणसांपासून असाच एक डाव शतकानुशतके राखून ठेवला होता. त्यांच्या हाती तलवार दिली गेली, पण ती गडाच्या पहाऱ्यासाठी, दुसऱ्याच्या वाड्याच्या राखणीसाठी. अक्षर मात्र दिले गेले नाही. हा राखलेला डाव आपल्या माणसांना मिळावा म्हणून ज्या वस्तादाने आपले वजन खर्ची घातले, त्या लहुजी राघोजी साळवे यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

लहुजींचा जन्म 14 नोव्हेंबर 1794 रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ या गावी, मांग समाजातील एका लढवय्या घराण्यात झाला. वडील राघोजी, आई विठाबाई. पुरंदरच्या रखवालीशी या घराण्याचे नाव परंपरेने जोडलेले आहे. राघोजी पेशव्यांच्या चाकरीत होते. दांडपट्टा, तलवार, भाला, बोथाटी, नेमबाजी ही विद्या लहुजींना वडिलांकडूनच मिळाली.

5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकी येथे पेशवे आणि इंग्रज यांची लढाई जुंपली. पुढील बारा दिवसांत पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. याच धामधुमीत राघोजी साळवे धारातीर्थी पडले. लहुजी तेव्हा तेवीस वर्षांचे होते. वडिलांची समाधी त्यांनी वाकडेवाडीस बांधली. परकी सत्ता उलथून टाकण्यासाठीच जगण्याचा त्यांनी निश्चय केला आणि अखेरपर्यंत ते अविवाहित राहिले, असे परंपरा सांगते.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबले पाहिजे. राघोजी पेशव्यांच्या बाजूने लढून पडले. त्यानंतर अवघ्या दीड महिन्याने, 1 जानेवारी 1818 रोजी, कोरेगाव येथे महार सैनिक पेशव्यांच्या विरोधात लढले. कोरेगावच्या त्या स्तंभाला 1927 साली बाबासाहेबांनी भेट दिली, हे आपण जाणतोच. एकाच अवस्थेत जखडलेले दोन समाज, एकाच युद्धात, समोरासमोरच्या बाजूंना! यावरून एकाला स्वामिनिष्ठ आणि दुसऱ्याला परकीयांचा हस्तक ठरविणे सोपे असले, तरी ते न्यायाचे नाही. दोघांचे शौर्य खरे होते. परंतु ज्या राज्यासाठी राघोजींनी प्राण दिले, त्या राज्यात त्यांच्या मुलाबाळांसाठी पाठशाळेचे दार उघडे नव्हते. पराक्रम करूनही माणूसपण मिळत नाही, हा धडा दोन्ही बाजूंच्या वंशजांना सारखाच मिळाला.

या धड्यातून लहुजींनी काय केले, हे महत्त्वाचे आहे. 1822 च्या सुमारास त्यांनी पुण्यात तालीम सुरू केली. तांबड्या मातीत जोर-बैठका आणि कुस्ती, जोडीला लाठी, दांडपट्टा, तलवारबाजी, घोडेस्वारी व नेमबाजी असे तेथील शिक्षण होते. दांडपट्टा हे शस्त्र मोठे कसोटीचे. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ आणि लांब, लवचिक, दुधारी पाते. मनगटाने नव्हे, तर साऱ्या देहाने ते फिरवावे लागते. चित्त किंचित ढळले तर पाते फिरविणाऱ्यालाच इजा करते. म्हणून पट्टा शिकविणारा वस्ताद आधी संयम शिकवितो.

ही जाण केवळ आपल्याकडचीच नाही. चीनमध्ये युद्धकलेला जोडून 'वूदे' म्हणजे शस्त्रधारकाचे शील ही कल्पना सांगितली जाते. बळाला संयमाचा लगाम हवा आणि दुर्बळावर हात उगारू नये, हा तिचा गाभा. हेनान प्रांतातील शाओलिन विहाराच्या भिक्षूंनी 621 साली तांग राजपुत्राला युद्धात साहाय्य केल्याची नोंद 728 च्या शिलालेखात आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्मांनी तेथील युद्धकला निर्माण केली, ही कथा मात्र इतिहास मान्य करीत नाही, कारण ती ज्या व्यायामग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातील आहे. ध्यानाची परंपरा त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तो मान पुरेसा थोर आहे. लहुजींचेच समकालीन यांग लूचान यांची कहाणीही बोलकी आहे. चेन कुळाने आपल्या गावापुरती राखलेली ताईची विद्या या बाहेरच्या माणसाने संपादन केली आणि पुढे ती बीजिंगमधील उमरावांना शिकविली. तेथे विद्या कुळाच्या कुंपणातून निघून राजधानीच्या वाड्यांत गेली. पुण्यात तिचा प्रवास उलट्या दिशेने झाला. एका अस्पृश्य वस्तादाच्या मातीत ब्राह्मण, माळी, मांग, महार अशी सर्व जातींची मुले उतरली. जी व्यवस्था सावलीचाही विटाळ मानत होती, तिच्यातील तरुण लहुजींना गुरू मानून त्यांच्यापुढे वाकू लागले. केवळ एवढ्या गोष्टीनेही ती तालीम समतेची पाठशाळा ठरते.

जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे याच तालमीत दांडपट्टा व नेमबाजी शिकले. पुढे 1879 साली सशस्त्र बंड करणारे वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींचेच शिष्य. एकाच वस्तादाच्या हाताखालून शस्त्राचा आणि शिक्षणाचा असे दोन मार्ग निघाले. लहुजींनी दोन्हींना आशीर्वाद दिला. तथापि आमच्या मते त्यांचे खरे थोरपण दुसऱ्या मार्गावर दिसते. जोतीरावांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा मुले मिळविणे हेच कठीण काम होते. लहुजी आणि राणबा महार यांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन आईबापांची समजूत घातली. ज्याच्या शब्दावर लोक लढावयास निघाले असते, त्याने तो शब्द पाटी-पेन्सिलीसाठी वापरला. शिष्याने आरंभिलेल्या कार्यात गुरू कार्यकर्ता झाला. वस्तादाच्या मोठेपणाला आणखी कोणते प्रमाण हवे?

त्या शाळांतून मुक्ता साळवे ही मुलगी पुढे आली. ती लहुजींच्याच कुळातील मानली जाते. 1855 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. राखून ठेवलेला डाव एका मुलीने सर्वांसमक्ष टाकून दाखविला होता. 1878 च्या कायद्याने सामान्य रयतेच्या हातातील शस्त्रे परवान्याखाली गेली, पण जे अक्षर एकदा हाती आले होते, ते कोणत्याही कायद्याने काढून घेता आले नाही.

17 फेब्रुवारी 1881 रोजी लहुजींनी देह ठेवला. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे.

पाथरी परिसरातील ज्या आईवडिलांनी ऊसतोडीला वा मजुरीला जाताना आपले मूल वसतिगृहाच्या स्वाधीन केले, त्यांना लहुजींनी वस्तीतल्या आईबापांना काय समजाविले असेल, हे निराळे सांगावयास नको. माजी विद्यार्थ्यांना मात्र आमचे एक सांगणे आहे. आपण नोकरीत, व्यवसायात स्थिरावला असाल, तर आपल्याला जे आले ते आपल्याजवळ राखून ठेवू नका. सुटीत गावी याल तेव्हा शाळा सुटलेल्या एका तरी मुलाच्या घरी जा, त्याच्या पालकांजवळ बसा आणि जूनमध्ये ते मूल वर्गात दिसेल असे पाहा. लहुजी वस्तादांना याहून वेगळे अभिवादन नको असते, असे आम्ही मानतो.