जॉन न्यूटन : गुलामांच्या गलबतावरून पाळकपदाकडे

वयाची तिशी-चाळिशी उलटल्यावर माणसाने आपला धंदा बदलावा काय, आणि बदलावयाचा तर कशासाठी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधूंपुढे उभा राहतो. कोणी वडिलोपार्जित काम सोडू पाहतो. कोणी नांगर टाकून उपदेशक व्हावे असे म्हणतो. आणि कोणी आता आपले वय झाले, असे समजून स्वस्थ बसतो. ह्या तिघांनाही उपयोगी पडेल असे एक चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन न्यूटन ह्याचा जन्म इ. स. १७२५ मध्ये लंडन शहरी झाला. बाप गलबताचा कप्तान होता. आई भाविक होती व मुलाने पुढे देवाचा सेवक व्हावे अशी तिची फार इच्छा होती. परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती क्षयाने वारली. अकराव्या वर्षी बापाने त्याला समुद्रावर नेले, आणि आईने पेरलेले बी जणू खाऱ्या पाण्यात बुडाले. १७४४ साली त्याला बळजबरीने आरमारात धरून नेण्यात आले. तेथून तो पळाला, पकडला गेला व फटके खाऊन हलक्या पायरीवर उतरविला गेला. पुढे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे तो नोकरीस राहिला. तेथे त्याची अन्नान्नदशा झाली. खुद्द गुलामांनी त्याला आपल्यातले अन्न चोरून द्यावे अशी पाळी आली. तरी त्या दशेतही त्याच्याजवळ भूमितीचे एक पुस्तक होते, आणि किनाऱ्यावरील वाळूत काठीने आकृत्या काढून तो ते शिकत असे.

१७४८ च्या मार्च महिन्यात स्वदेशी परतताना त्याचे गलबत भयंकर तुफानात सापडले. एक बाजू फुटून पाणी आत शिरले. तासचे तास पाणी उपसून आणि सुकाणू धरून तो थकला, व तेव्हा कित्येक वर्षांनंतर त्याच्या तोंडून देवाची करुणा भाकली गेली. चार आठवड्यांनी ते मोडके गलबत आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले. तो दिवस न्यूटन जन्मभर विसरला नाही.

वाचकांस वाटेल की, त्याच दिवशी त्याने तो दुष्ट व्यापार सोडला असेल. तसे झाले नाही, आणि हे लपवून ठेवणे योग्य नव्हे. त्यानंतरही सुमारे सहा वर्षे तो गुलामांच्याच व्यापारात होता. १७५० ते १७५४ ह्या काळात कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांना जमवून प्रार्थना चालवी, आणि त्याच तक्त्यांखाली आफ्रिकेतील स्त्रीपुरुष बेड्यांत जखडलेले असत. चहूकडचे प्रतिष्ठित लोक ह्या धंद्यास मान देत, म्हणून त्याच्याही मनाला तो टोचला नाही. मनुष्याचे अंतःकरण पालटते तरी त्याच्या हातांची सवय किती सावकाश पालटते, हे ह्यावरून दिसून येते.

१७५४ च्या अखेरीस, पुन्हा निघण्यास दोनच दिवस राहिले असता, त्याला एकाएकी झटका येऊन तो बेशुद्ध पडला. वैद्यांच्या सल्ल्याने त्याने समुद्र कायमचा सोडला. त्या वेळी तो एकोणतीस वर्षांचा होता. पुढल्या वर्षी त्याला लिव्हरपूल बंदरी जकात खात्यात नोकरी मिळाली. येणाऱ्या गलबतांची झडती घेऊन चोरटा माल पकडणे हे त्याचे काम. पोटाची सोय झाली. परंतु आईची इच्छा आता त्याच्या मनात जागी झाली. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात तो ग्रीक व हिब्रू ह्या भाषा शिकला, पवित्र शास्त्राचे अध्ययन करू लागला व घरी लोकांना जमवून बोध करू लागला.

१७५८ साली त्याने दीक्षेसाठी अर्ज केला. यॉर्कच्या आर्चबिशपांनी तो नाकारला. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नव्हते, आणि मेथडिस्ट लोकांशी त्याचे दळणवळण होते. एकामागून एक दारे बंद झाली. सुमारे सहा वर्षे अशी गेली, तरी ह्या काळात त्याने जकातीचे काम टाकले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. शेवटी लॉर्ड डार्टमथ नावाच्या सज्जनाने मध्ये पडून खटपट केली, व १७६४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याला दीक्षा मिळून ओल्नी गावची मंडळी त्याच्या स्वाधीन झाली.

ओल्नी हे गरिबांचे गाव. घरोघर लेस विणून लोक पोट भरीत. न्यूटन पाळक त्यांच्या घरी जात, त्यांच्या मुलांना गोळा करून शिकवीत, आणि प्रार्थनासभेसाठी सोपी गीते रचीत. १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्यांनी देवाच्या कृपेवर रचलेले गीत आज जगभर गाइले जाते. १७८० साली ते लंडनच्या एका मंडळीचे पाळक झाले. तेथे अनेकजण त्यांचा सल्ला घेण्यास येत. तरुणपणी जोडे शिवणारे आणि पुढे १८०५ साली मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापून काढणारे कॅरीसाहेबही हिंदुस्थानास निघण्यापूर्वी त्यांना भेटले होते.

परंतु सर्वांत महत्त्वाची भेट १७८५ च्या डिसेंबरात झाली. विल्यम विल्बरफोर्स हा सव्वीस वर्षांचा पार्लमेंटाचा सभासद गुपचूप त्यांच्याकडे आला. त्याचे मन देवाकडे वळले होते, आणि राजकारण सोडावे की काय ह्या विचाराने तो व्याकूळ झाला होता. स्वतः एवढी धडपड करून पाळकपद मिळविलेल्या ह्या गृहस्थाने त्याला काय सांगावे? त्यांनी त्याला आपल्या जागीच राहून तेथे देवाची सेवा करावयास सांगितले. तो राहिला, आणि त्यानेच पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंज दिली.

ह्या झुंजीत न्यूटन ह्यांच्या जुन्या आयुष्याचे मोल कळले. १७८८ साली त्यांनी एक लहान पुस्तक लिहून त्या व्यापाराचे खरे स्वरूप उघड केले, व आपणही त्यात होतो हे जाहीरपणे पदरी घेतले. समुद्र सोडून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. १७९० साली त्यांनी पार्लमेंटाच्या समितीपुढे साक्ष दिली. ज्याने स्वतः त्या बेड्या घातल्या, त्याची साक्ष खोटी कोण म्हणणार? १८०७ च्या मार्चात ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, न्यूटन प्रभूमध्ये निजले.

प्रिय बंधूंनो, ज्या धंद्याने शेजाऱ्याचे रक्त शोषले जाते, तो सर्व जग वाखाणीत असले तरी सोडलाच पाहिजे. आणि आजारपणाची वाट न पाहता सोडला पाहिजे. परंतु प्रामाणिक धंदा सोडल्यावाचून देवाची सेवा होत नाही, असे कोणी समजू नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना जकात घेण्याचे सोडा असे सांगितले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. नांगरामागे चालणारा, जोडे शिवणारा, गुरे राखणारा, हा उपदेशकाहून हलका सेवक नव्हे. आणि ज्याला खरोखर दुसऱ्या कामाचे पाचारण आहे, त्याने वय झाले म्हणून खचू नये. हातचे काम नीट करीत त्याने तयारी करावी, आणि दार उघडण्यास उशीर लागला तर धीर धरावा. मागे गेलेली वर्षेही प्रभू वाया जाऊ देत नाही. मात्र ती झाकून न ठेवता, खरेपणाने त्याच्या हाती दिली पाहिजेत.