पीतकंठी चिमणी

मुंबईची खेतवाडी आज माणसांनी गजबजलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एका घराच्या तबेल्यात, गाडीच्या आडोशाला, सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा छऱ्यांची बंदूक घेऊन दबा धरून बसत असे. त्याचे नाव सालिम. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी तो जन्मला. वर्षाचा असताना त्याचे वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. पोरक्या भावंडांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी केला. बंदूक मामांनीच दिलेली होती.

तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. बाहेर पहारा देणारा नर सालिमने टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. त्यालाही त्याने टिपले. सात दिवसांत आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला! हा खेळ क्रूर होता, ह्यात संशय नाही. परंतु जे दिसले ते त्या मुलाने वहीत उतरून ठेवले, आणि ती नोंद पुढे अनेक वर्षांनी छापली गेली.

असाच एकदा एक पक्षी त्याच्या हाती आला. होती चिमणीच, पण तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका होता. ही चिमणी खाण्यास योग्य की नाही, अशी शंका आल्यामुळे तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिची ओळख पटेना. मात्र मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. पशुपक्ष्यांच्या अभ्यासासाठी १८८३ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांना त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि भाच्याला तिकडे पाठविले.

त्या काळी गोऱ्या साहेबाच्या दारात पाऊल टाकताना मोठी माणसेही कचरत. सालिम कागदात गुंडाळलेली चिमणी हातात धरून धडधडत्या छातीने अपोलो स्ट्रीटवरील कचेरीत शिरला. मिलर्डसाहेबांनी पुडी सोडली आणि पाहताक्षणीच सांगितले की, ही पीतकंठी चिमणी होय. एवढ्यावर ते थांबले नाहीत. कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्यांनी त्याला दाखविले, वाचावयास पुस्तके दिली. पक्षी कसा जतन करावा आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हेही पुढे तेथेच त्याला शिकावयास मिळाले. एका अनोळखी पोराची पुडी साहेबांनी तशीच परत केली असती, तर पुढचे सारे घडले असते की नाही, कोण जाणे!

सालिम अलींची पुढील वाट सुखाची नव्हती. ब्रह्मदेशात खाणी व लाकूड यांच्या धंद्यात त्यांना अपयश आले. १९१८ साली तहमीना यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. रजा घेऊन त्यांनी बर्लिनला पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० साली परत येऊन पाहतात तो त्यांची जागाच रद्द झालेली! मग अलिबागजवळच्या किहीम येथे बिऱ्हाड थाटून ते सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण करीत बसले. नर अर्धेच घरटे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पुरे करतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो, असे त्यांना आढळले. बेकारीतील ह्याच निरीक्षणाने त्यांचे नाव विद्वानांत झाले.

१९३६ ते १९३९ ह्या काळात हुमायून अब्दुलअली यांच्यासह त्यांनी मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांची यादी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आगगाड्यांच्या आणि गिरण्यांच्या त्या नगरीत कोणता पक्षी बाराही महिने राहतो, कोणता पाहुणा म्हणून येतो आणि कोणता चुकूनमाकून दिसतो, ह्याचा हा जमाखर्चच होता. नवखा पक्षी पाहिला एवढे म्हणणे त्यात पुरत नसे. तो कोठे, कोणत्या दिवशी दिसला, हेही कळावे लागे. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले आणि सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले.

पण हिवाळ्यात पैनगंगेच्या काठी शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी येतो कोठून? नुसत्या डोळ्यांनी ह्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी संस्थेने पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी अडकविण्याचे काम सालिम अलींच्या देखरेखीखाली मोठ्या प्रमाणावर चालविले. कड्यावर क्रमांक असे, आणि मुंबईस कळवावे अशी सूचनाही असे. भरतपूरच्या तळ्यावर कडे घातलेल्या बदकांची वार्ता थेट सोव्हिएत रशियातून आली.

एका घुबडाने मात्र त्यांना अखेरपर्यंत चकविले. रानपिंगळा हा पक्षी १८८४ साली खानदेशात मिळाला होता. त्यानंतर १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो आपणास मिळाल्याची नोंद माइनर्ट्‌झहागेन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने केली होती. हा गृहस्थ पक्ष्यांचा नामांकित जाणकार समजला जाई. १९३७ साली सालिम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानातही हिंडले होते. सालिम अलींनी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो दिसला नाही.

२० जून १९८७ रोजी सालिम अलींचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना नंदुरबारकडील शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. १९१४ ची नोंद खोटी ठरली होती. तो पेंढा भरलेला पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी बांधून आपला म्हणून मांडलेला होता. म्हणून ह्या वेळी ती नोंद बाजूस सारून जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला होता. पुढे विदर्भात मेळघाटच्या सागवानी रानातही रानपिंगळे आढळले.