जॉन नेल्सन डार्बी आणि प्रभूचे मेज

आपल्या मंडळ्यांत जॉन नेल्सन डार्बी हे नाव क्वचितच कानी पडते. परंतु त्यांची शिकवण आपल्यापर्यंत केव्हाच पोहोचली आहे. मानवी इतिहासाचे युगविभाग पाडून शास्त्र समजावणारे उपदेशक, प्रभूचे दुसरे येणे दोन टप्प्यांत होईल असे फळ्यावर आकृती काढून शिकवणारे शिक्षक, १९०९ साली प्रथम निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांच्या बायबलाचा आधार घेणारे अभ्यासक, हे सारे कळत नकळत डार्बींचे ऋणी आहेत. पण त्यांच्या चरित्राला दुसरीही एक बाजू आहे आणि आज आम्हांला तिच्याविषयीच लिहावयाचे आहे. प्रभूचे मेज सर्व विश्वासणाऱ्यांसाठी खुले असावे म्हणून ज्यांनी मान्यताप्राप्त मंडळीतील आपले पद सोडले, त्यांच्याच हयातीत त्या मेजाभोवती इतके उंच कुंपण कसे उभे राहिले?

डार्बी यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८०० रोजी लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे झाला. घराणे आयर्लंडमधले, जमीनदारांचे. त्यांचे चुलते सर हेन्री डार्बी हे आरमारी अधिकारी असून नाईलच्या लढाईत नेल्सनबरोबर लढले होते. मुलाच्या नावात नेल्सन आले ते त्यामुळे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८१९ साली ग्रीक-लॅटिनमधील सुवर्णपदक मिळवून ते पदवीधर झाले आणि १८२२ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. परंतु मन त्या धंद्यात रमले नाही. १८२५ व १८२६ साली त्यांना क्रमाने डीकन व पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि विक्लो परगण्यातील कॅलरी या डोंगराळ भागात त्यांची नेमणूक झाली.

तेथे या श्रीमंताघरच्या तरुणाने एका झोपडीवजा घरात बिऱ्हाड केले. रात्री उशिरापर्यंत डोंगरवाटा तुडवीत ते घरोघर जात. अंगावरचे कपडे विरलेले, खाणे जेमतेम, शरीर काटकुळे झालेले. भोवतालच्या गरीब रोमन कॅथलिक लोकांना ते जुन्या काळच्या संतासारखे वाटू लागले. पुष्कळ लोक वचनाकडे वळत होते. आठवड्याला शेकडो, असे डार्बी पुढे सांगत. अशा वेळी डब्लिनच्या आर्चबिशपांनी फर्मान काढले की, नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली पाहिजे. डार्बी यांच्या मते त्या फर्मानाने चालते काम जागच्या जागी थांबले. ख्रिस्ताची मंडळी ही राजाच्या कचेरीची शाखा आहे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला.

१८२७ च्या अखेरीस घोड्याच्या अपघातात त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली व बरेच दिवस बहिणीच्या घरी पडून राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत बायबल वाचताना त्यांचा निश्चय झाला की, मंडळी म्हणजे स्वर्गातील ख्रिस्ताशी जोडलेले सर्व जिवंत विश्वासणारे. पंथांच्या पाट्या तिचे मोजमाप करू शकत नाहीत.

याच सुमारास डब्लिनमध्ये काही समविचारी माणसे एकत्र येत होती. त्यांतील एडवर्ड क्रोनिन यांची हकिगत नीट ध्यानात ठेवावी, कारण तिच्याशी आमचे पुढे काम आहे. क्रोनिन हे वैद्यकीचे विद्यार्थी, रोमन कॅथलिक मंडळीतून आलेले. डब्लिनच्या स्वतंत्र मंडळ्यांनी पाहुणा म्हणून त्यांना प्रभुभोजनास घेतले. पण ते शहरात कायमचे राहणार असे कळताच कोणत्या तरी एका मंडळीचे रीतसर सभासद व्हा, असा त्यांच्याकडे आग्रह धरला. ख्रिस्ताचा असणे एवढे पुरे नाही काय, असे क्रोनिन यांचे म्हणणे. ते न मानल्यामुळे त्यांना मेजापासून दूर ठेवण्यात आले. मग ते आणि आणखी दोघेचौघे घरातच भाकर मोडू लागले. एक्सेटरचे दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांनीही सुचवले होते की, दीक्षित पाळक हजर नसला तरी विश्वासणाऱ्यांनी प्रभुभोजन घ्यावयास शास्त्राची आडकाठी नाही. बेलेट नावाचे वकील, क्रोनिन, ग्रोव्ह्ज आणि डोंगरातून उतरून आलेले डार्बी, अशा माणसांतून ती चळवळ उभी राहिली. पुढे इंग्लंडमधील प्लिमथ शहरी तिचा जोर झाला, म्हणून लोक तिला प्लिमथ ब्रदरन म्हणू लागले. या बंधूंना स्वतःला ‘बंधू’ यापलीकडे कोणतेच नाव नको होते.

आरंभीची ती वर्षे खरोखर सुंदर होती. सरदार आणि नोकर एका बाकावर बसत. १८३२ पासून ब्रिस्टलच्या बेथेस्दा उपासनागृहात जॉर्ज म्युलर आणि हेन्री क्रेक यांचे काम सुरू झाले. अनाथांचे पालक म्हणून आपल्याला ठाऊक असलेले म्युलर ते हेच. त्यांचे चरित्र वाचून पंडिता रमाबाईंना बळ मिळाले होते. म्युलर हे ग्रोव्ह्ज यांचे मेहुणे. स्वतः ग्रोव्ह्ज १८२९ साली बगदादला गेले. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी गमावून १८३३ साली ते मुंबईस उतरले आणि हिंदुस्थानभर फिरून निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांना बंधुभावाने भेटले.

इंग्लंडला परतल्यावर ग्रोव्ह्ज यांना आपल्या बंधूंच्या वृत्तीत बदल दिसला. १८३६ च्या मार्च महिन्यात पुन्हा हिंदुस्थानकडे निघताना त्यांनी डार्बींना एक लांब पत्र लिहिले. त्याचा आशय असा: पूर्वी आपण ख्रिस्ताचे जीवन ज्याच्यात दिसे त्याला जवळ करीत होतो, आता कोणाचे मत किती शुद्ध ते पाहू लागलो आहोत. चुकीविरुद्ध साक्ष देणे हाच आपल्या ऐक्याचा पाया झाला, तर ज्या पंथांतून आपण बाहेर पडलो त्यांच्याहून अधिक अरुंद होऊन बसू. बंधूंच्या चांगुलपणापासून तुटण्यापेक्षा त्यांचे दोष सोसणे ग्रोव्ह्ज यांना बरे वाटत होते. या पत्राने डार्बींची दिशा बदलली नाही. पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास मात्र त्या पत्रावरचे भाष्य वाटावे असा घडला.

डार्बींची विचारसरणी अशी होती: मंडळीचे बाह्य रूप मोडकळीस आले आहे, तेव्हा वाईटापासून वेगळे होणे हाच देवाने ठरवलेला ऐक्याचा मार्ग. ऐकताना हे पवित्र वाटते. पण वाईट म्हणजे नेमके काय, ते कोणी ठरवावयाचे आणि वेगळे होण्याची सीमा कोठे, हे ठरलेले नसले म्हणजे मार्ग संपतच नाही.

१८४५ साली स्वित्झर्लंडमधील कामावरून डार्बी प्लिमथला आले. तेथील मंडळीचे पुढारी बेंजामिन विल्स न्यूटन यांच्याशी भविष्यवाणीच्या अर्थावरून व मंडळीच्या कारभारावरून त्यांचा वाद झाला. वर्षअखेर डार्बींनी त्याच शहरात वेगळे मेज मांडले. दोन वर्षांनी न्यूटन यांच्या एका व्याख्यानाची टिपणे हाती आली. त्यांत प्रभू येशूच्या दुःखसहनाविषयी अशी काही विधाने होती की, जन्मानेच तो देवापासून दुरावलेल्या मानवजातीच्या स्थितीत सापडला होता. चूक गंभीर होती, यात शंका नाही. पण न्यूटन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात छापील पत्रक काढून आपली चूक कबूल केली व वादग्रस्त पत्रके मागे घेतली. तरीही समेट झाला नाही; त्यांना प्लिमथ सोडावे लागले. ९१ वर्षांचे होऊन १८९९ साली ते वारले, पण त्यांच्या नावावरचा डाग डार्बींच्या अनुयायांनी शेवटपर्यंत पुसू दिला नाही.

येथपर्यंत प्रश्न शिक्षकाचा होता. पुढचे पाऊल मात्र निराळे पडले. न्यूटन यांच्या मंडळीतील काही जण १८४८ साली ब्रिस्टलला बेथेस्दा मंडळीत आले. ही चुकीची शिकवण ते मानतात काय, याची चौकशी करून त्यांना मेजावर घेतले गेले. डार्बींचे म्हणणे पडले की, दोषी मेजावरून आलेल्याला घेतले म्हणजे दोष घेतला. त्यांनी २६ ऑगस्ट १८४८ रोजी सर्वत्र पत्र पाठवून बेथेस्दाशी सहभागिता तोडण्यास सांगितले. जी मंडळी बेथेस्दाच्या माणसाला घेईल तीही दोषी, तिच्याकडून येणाऱ्याला घेणारी तीही दोषी. विटाळ जसा स्पर्शाचा स्पर्श होऊन पसरतो असे मानीत, तशी ही मांडणी झाली. मग माणसाचा स्वतःचा विश्वास काय, हे विचारण्याची गरजच उरली नाही; तो कोणाबरोबर जेवला एवढे कळले की पुरे.

वर्ष संपण्यापूर्वी बेथेस्दाने सात सभा घेऊन न्यूटन यांची शिकवण तपासली आणि ती नाकारली. १८४९ साली डार्बी म्युलर यांना भेटावयास आले. म्युलर यांच्या बाजूने जी हकिगत सांगितली जाते तिच्याप्रमाणे, आता वेगळे राहण्यास कारण उरले नाही असे डार्बी म्हणाले; म्युलर यांनी आपल्याला दहाच मिनिटे आहेत असे सांगून, तुमचे वागणे इतके अनुचित झाले आहे की पुष्कळ गोष्टी निस्तरल्यावाचून एकी होणार नाही, असे उत्तर दिले. दोघे पुन्हा भेटले नाहीत. म्युलर यांनी हातचे काम बाजूला ठेवून त्या दुपारी वेळ काढावयास हवा होता, असे आम्हांला वाटते. पण हेही खरे की, बेथेस्दावरचा बहिष्कार डार्बींच्या गोटाने उठवला नाही. चळवळीचे खुले आणि वर्जक असे दोन भाग झाले.

डार्बींचे गुण झाकून ठेवणे न्याय्य होणार नाही. ते अविवाहित राहिले, साधेपणाने जगले, गरिबांच्या घरी मुलांत मिसळून उतरत. फ्रेंच, जर्मन व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील बायबल भाषांतरांना त्यांचे हात लागले. सत्तरी उलटल्यावरही अमेरिका व न्यूझीलंडपर्यंत त्यांनी प्रवास केले. त्यांचे संकलित लेखन चौतीस खंडांचे आहे. प्रभूवरील त्यांच्या प्रीतीविषयी विरोधकांनीही शंका घेतली नाही. म्हणूनच त्यांचे उदाहरण आपल्याला अधिक सावध करते. मंडळ्या नेहमी दुष्टांच्याच हातून फुटत नाहीत.

आणि तेच माप एकदा त्यांच्यावरही उलटले. ख्रिस्ताच्या दुःखांविषयी डार्बींनी स्वतः लिहिलेल्या लेखांत न्यूटन यांच्यासारखीच चूक आहे, असे त्यांच्या काही जवळच्या सोबत्यांना वाटले. पर्सी हॉल आणि डॉरमन हे दोघे १८६६ साली त्यांना सोडून गेले. या वेळी मात्र डार्बींच्या शब्दांचा अर्थ लावताना अनुयायांनी भरपूर धीर दाखवला. न्यूटन यांच्या वाट्याला त्यातला थोडासुद्धा आला नव्हता.

आता क्रोनिन यांच्याकडे वळू. ते लंडनमध्ये डॉक्टर होते, वय सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर. १८७९ साली वाइट बेटावरील राइड या गावी मान्यता नसलेल्या एका नव्या सभेत त्यांनी भाकर मोडली. डार्बींनी त्यांच्या या कृतीला दोष दिला. बरीच पत्रापत्री झाली आणि अखेर लंडनमधील त्यांच्याच मंडळीने त्यांना सहभागितेतून काढले. पन्नास वर्षांपूर्वी सभासदत्वाची अट न मानल्यामुळे ज्याला मेजावरून उठवले, आणि ज्याच्यासाठी म्हणून हे नवे मेज मांडले गेले, त्यालाच या मेजावरूनही उठावे लागले. या प्रकरणाचे धागे लांबत जाऊन १८८१ साली विल्यम केली वेगळे झाले. डार्बींच्या लेखनाचे संकलन करणारे संपादक ते हेच. आपल्या अखेरच्या दिवसांत केली यांच्यावर हल्ला होऊ नये, अशी इच्छा डार्बींनी कळवली होती. परंतु फूट पडून गेली होती. क्रोनिन आणि डार्बी दोघेही १८८२ साली वारले. डार्बींचे देहावसान २९ एप्रिल रोजी बोर्नमथ येथे झाले.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. वर्जक गटांत फुटीमागून फुटी झाल्या. त्यांतल्या एका शाखेचे पुढारी, न्यूयॉर्कचे जेम्स टेलर (धाकटे), यांनी १९६० च्या दशकात नियम केला की, सहभागितेत नसलेल्या कोणाबरोबरही जेवू नये. मग तो घरातला नवरा असो, बायको असो, की म्हातारे आईबाप. एका छपराखाली दोन पंगती झाल्या. पुष्कळ घरे मोडली. हा नियम डार्बींच्या काळी नव्हता, आणि त्यांचे नाव मानणारे सगळे गट असे वागतात असेही नाही. खुद्द त्या शाखेतून पुष्कळ जण याच कारणाने बाहेर पडले. १९७० साली टेलर वारले. या शाखेने २०१२ पासून प्लिमथ ब्रदरन ख्रिश्चन चर्च हे नाव घेतले. २०१४ साली इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने तिच्या एका न्यासाची नोंदणी करताना, शिस्तीच्या नावाखाली बाहेर पडलेल्यांना झालेल्या त्रासाची दखल घेतली आणि त्यांच्याशी दयेने वागण्याचे बंधन न्यासाच्या लेखी घटनेत घालून घेतले.

वाचक बंधुभगिनींनो, पंक्तिभेद आणि वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपल्यातील कित्येकांच्या पणजोबा-पणजींना भरल्या ताटावरून उठावे लागले. प्रभूच्या नावाने तीच रीत आपल्या घरात परत यावी, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

मंडळीला शिस्त हवी, हे शास्त्र सांगतेच. करिंथ येथील उघड पापात राहणाऱ्या माणसाला पौलाने दूर करावयास लावले. पण तो एक नेमका मनुष्य होता आणि पाप सर्वांना ठाऊक होते. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात शिक्षा झालेल्या एका माणसाला क्षमा करून जवळ घ्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असेही पौलच सांगतो. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायातील वेगळे होण्याची आज्ञा मूर्तिपूजेच्या संदर्भात आहे, बंधूच्या बंधूविषयी नाही. योहानाचे दुसरे पत्र खोट्या शिक्षकाला घरात घेऊ नका म्हणते. त्या शिक्षकाच्या मंडळीतून आलेल्या, ती शिकवण न मानणाऱ्या माणसाविषयी ते काही म्हणत नाही. आणि अंत्युखियात पेत्र अन्यजातीय बंधूंच्या पंगतीतून उठून वेगळा बसला, तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याचा दोष दाखवला. त्या दिवशी वेगळे होणाराच शुभवर्तमानापासून ढळला होता.

आमच्या मते, कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची वेळ आली, तर वडीलमंडळींनी तीन प्रश्न विचारावेत. दोष त्याचा स्वतःचा आहे, की केवळ त्याच्या संगतीचा? मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे कोणी एकटे जाऊन त्याला भेटले आहे काय? आणि त्याने चूक कबूल केली, तर परत येण्याची वाट आपण ठेवली आहे काय? न्यूटन यांना अशी वाट मिळाली नाही, आणि क्रोनिन यांनाही नाही. आपल्या मंडळीत ज्यांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जात नाही, ज्यांची जागा रिकामी राहून गेली आहे, त्यांच्या घरी पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी कोणी तरी जाऊन यावे.