सैनिकांचा वैद्य : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

पेडणे महालाला थोर वैद्याचे अप्रूप नाही. मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले आणि वैद्यकाबरोबरच प्राच्यविद्येतही त्यांनी आपले नाव कोरले. त्यांच्या निधनानंतर चौसष्ट वर्षांनी, १९३८ साली, मराठी मुलखातला दुसरा एक डॉक्टर त्याच मुंबईच्या बंदरातून बोटीवर चढला आणि पुन्हा कधी परतला नाही. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे ते नाव. मराठी वाचकाला ते बहुधा ग्रंथातून नव्हे, तर पडद्यावरून परिचित झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेल्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या बोलपटाला संगीत दिले होते ते तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावच्या वसंत देसाई यांनी. त्या चित्रपटाने कोटणीसांना अमर केले हे खरे. परंतु चित्रपटातला नायक आणि प्रत्यक्षातला माणूस यांत अंतर आहे, आणि प्रत्यक्षातला माणूस अधिक जवळचा वाटावा असा आहे.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांतारामपंत कापडगिरणीत कारकुनी करीत. कुटुंब मोठे, भावंडे बरीच, मिळकत बेताची. सोलापूर हे त्या काळी गिरणीच्या भोंग्यावर जागे होणारे शहर होते, तसेच ते राजकीय दृष्ट्याही जागे होते. १९३० च्या मे महिन्यात तेथे ब्रिटिशांना लष्करी कायदा पुकारावा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा या चौघा सोलापूरकरांना फाशी देण्यात आले. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. ज्या शहराने असे दिवस पाहिले, त्या शहरातल्या तरुणाला देशाबाहेरच्या पारतंत्र्याचे दुःखही लवकर समजत असावे.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस परळच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात आले. या संस्थेचा एक विशेष सांगितला पाहिजे. तिच्यासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की अध्यापकवर्ग भारतीयच असावा. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचे साहाय्यक म्हणून नव्हे, तर स्वतंत्र बुद्धीचे शल्यविशारद म्हणून येथे मुले तयार होत. १९३६ साली कोटणीस एम.बी.बी.एस. झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करू लागले. मध्यमवर्गीय घरात मुलाचे डॉक्टर होणे हा एकट्या मुलाचा पराक्रम नसतो. त्यात सगळ्या घराची काटकसर मुरलेली असते. आता हा मुलगा दवाखाना थाटील, धाकट्या भावंडांची शिक्षणे व लग्ने मार्गी लावील, अशी घराने आशा धरली असल्यास त्यात काही गैर नव्हते.

याच सुमारास चीनवर जपानचे आक्रमण झाले होते. जुलै १९३७ मध्ये युद्ध पेटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची याचना केली. त्या सेनेजवळ शूर माणसे होती, पण शिकलेले डॉक्टर जवळपास नव्हतेच. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या उन्हाळ्यात देशाला आवाहन केले, निधी जमला, औषधे व रुग्णवाहिका घेण्यात आली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. पथकाचे प्रमुख होते स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे उरलेले चौघे. स्वतः पारतंत्र्यात असलेला देश दुसऱ्या संकटग्रस्त देशाला डॉक्टर पाठवीत होता, ही घटना त्या काळात तरी अपूर्वच होती. मुदत ठरली होती एक वर्षाची. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथक मुंबईहून निघाले. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते आणि अविवाहित होते.

सप्टेंबरच्या मध्यास पथक कँटनला पोहोचले. तेथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. परंतु युद्धाची गती अशी की ऑक्टोबर संपण्यापूर्वीच कँटन आणि हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. पथक यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला सरकत सरकत चुंगकिंगला आले. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावांना चिनी रूप दिले आणि शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर जोडले. कोटणीसांचे 'के दीहुआ' झाले. पुढे त्यांना याच नावाने लाखो लोक ओळखणार होते.

चुंगकिंगच्या मुक्कामातच घरची बातमी आली. वडील वारले होते.

घरापासून हजारो मैल दूर, अनोळखी भाषेच्या शहरात, ज्या प्रदेशाकडे जाण्यासाठी निघालो तो अजून दिसलाही नाही, अशा अवस्थेत ही वार्ता पोहोचली. मुंबईस, आफ्रिकेस किंवा बोटीवर गेलेल्या मुलाला असे पत्र जाणे हे पेडण्याच्या घरांना अपरिचित नाही. अग्नी दुसऱ्या कोणी दिला आणि दिवसवारही उलटून गेले, हे कागदावरून कळण्याचे दुःख निराळेच असते. कोटणीसांनी परत जावे असे सहकाऱ्यांनी सुचविले. परत जाण्यात कमीपणा मुळीच नव्हता. त्यांनी मात्र पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाचे आजवर गौरवानेच वर्णन झाले आहे आणि ते योग्यही आहे. तरी त्याची किंमत एकट्या द्वारकानाथांनी मोजलेली नाही, हे विसरता कामा नये. सोलापूरच्या घरात धाकटी भावंडे होती, कर्ता पुरुष नाहीसा झाला होता आणि डॉक्टर झालेला मुलगा परदेशच्या रणांगणाकडे चालला होता. घराविषयी त्यांना माया नव्हती म्हणून ते परतले नाहीत असे म्हणावे, तर त्यांचे पुढचे सारे आयुष्य त्याच्या उलट साक्ष देते. माणूसवेड्या, कुटुंबवत्सल स्वभावाच्या तरुणाने घेतलेला तो निर्णय होता, म्हणूनच तो कठीण होता.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगर कोरून केलेल्या गुहांमध्ये तेथे माणसे राहत आणि रुग्णालयेही चालत. वर्षाची मुदत संपत आली तशी मंडळी पांगू लागली. चोळकर व मुखर्जी परतले. अटलांना प्रकृतीमुळे १९४० मध्ये परतावे लागले. उरले बसू आणि कोटणीस. दोघे जपानी फळ्यांमागच्या मुलखात, शान्सी, चाहार व होपेइ या प्रांतांच्या सीमेवरील मुक्त प्रदेशात शिरले. काही दिवसांनी बसूंना येनानला परत बोलावण्यात आले. १९४० च्या अखेरीपासून कोटणीस त्या मुलखातले एकटे भारतीय होते.

त्यांच्या आधी तेथे एक परदेशी डॉक्टर होऊन गेला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथून यांनी जखमी सैनिक रुग्णालयापर्यंत येण्याची वाट न पाहता डॉक्टरनेच आघाडीवर जावे, असा दंडक घालून दिला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. रबरी हातमोजेही मिळण्याची मारामार असलेल्या आघाडीवर असा अंत अशक्य नव्हता. कोटणीसांनी तोच दंडक पुढे चालविला. सामान खेचरांवर, जखमी शेतकऱ्यांच्या घराघरांत ठेवलेले, औषधांची नाकेबंदी आणि शत्रूची चाहूल लागली की सारे रुग्णालय उचलून दुसऱ्या गावी न्यावयाचे, असा तो संसार होता. १९४० च्या ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने जपान्यांविरुद्ध मोठी चढाई केली. तीत कोटणीसांच्या तुकडीने आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एकदा तर ते सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करीत राहिले.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती आणि शिकणारी बहुतेक खेड्यांतली मुले होती. त्यांना इंग्रजी कोठून येणार? तेव्हा कोटणीसांनीच चिनी आत्मसात केली; बोलण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत व्याख्याने देता येतील आणि पाठ्यपुस्तक लिहिता येईल इतकी. शल्यचिकित्सेवरचे एक पुस्तक त्यांनी चिनी भाषेत पूर्ण केले, दुसरे अर्धे राहिले. त्यांच्या शौर्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत, पण तेलाच्या दिव्याखाली परक्या लिपीशी झटणाऱ्या या शिक्षकाकडे चरित्रकारांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही. सोलापूरच्या मुलाने मातृभाषेपासून इतक्या दूर जाऊन दुसऱ्यांच्या मातृभाषेत शास्त्र शिकवावे, ही गोष्ट ग्रंथालयाच्या वाचकाला तरी लहान वाटू नये.

रुग्णांची शुश्रूषा ते स्वतःच्या हाताने करीत. सावळ्या वर्णाच्या या डॉक्टरला सैनिक व गावकरी प्रेमाने 'काळी आई' म्हणत. पुरुषाला आई म्हणण्याची ही रीत मराठी माणसाला परकी वाटणार नाही. आपल्या संतांनी तर विठोबालाच माउली केले.

१९४० च्या जूनमध्ये बेथून यांच्या समाधीच्या समारंभात कुओ चिंग-लान या परिचारिकेने त्यांना प्रथम पाहिले. त्या शान्सी प्रांतातल्या. वैद्यकीय शाळेत शुश्रूषाशास्त्र शिकवीत आणि इंग्रजी जाणत. या परदेशी डॉक्टरला चिनी बोलता-वाचता येते याचे त्यांना नवल वाटले. ओळख वाढली आणि २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला. वराकडचे माणूस एकही नव्हते. विवाहानंतरचा संसारही गावोगाव हलणाऱ्या रुग्णालयाबरोबरच हलत राहिला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्या प्रदेशाचे सेनापती नीए रुंगचेन यांनी त्याचे नाव सुचविले, यिन्हुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षीच्या जुलैत कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व स्वीकारले होते. त्यांच्या राजकीय मताविषयी कोणाला काही वाटो, रणभूमीवरच्या कामात त्यांनी जखमीचे मत कधी विचारले नाही.

अपस्माराच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. झटके वाढत चालले, तेव्हा उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जावे असा सहकाऱ्यांनी आग्रह धरला. काम टाकून ते गेले नाहीत. डॉक्टर स्वतःच्या दुखण्यापुढे वाईट रोगी ठरतो, याचा अनुभव येथेही आला. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे होपेइ प्रांतातल्या तांग परगण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. लग्नाला एक वर्ष व दोन आठवडे झाले होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेश लिहिला. तेथल्या खेड्यातच त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, जेथे बेथूनही आहेत, तेथे त्यांना हलविण्यात आले.

डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांच्याकडून मिळालेल्या हकिकतीवरून ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजी पुस्तक लिहिले आणि त्यावरून शांतारामबापूंचा चित्रपट झाला. चित्रपटातले डॉक्टर प्लेगशी झुंजतात व त्या साथीतच मरण पावतात. नाट्याला ते सोयीचे होते. खरा मृत्यू मात्र दीर्घ श्रम आणि दुर्लक्षित विकार यांतून आला होता.

कुओ चिंग-लान यांनी पतीच्या घराशी नाते तुटू दिले नाही. त्या भारतात अनेकदा आल्या आणि सासरच्या माणसांना भेटल्या. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात पडला. यिन्हुआ वीस वर्षांचा असताना, १९६२ च्या ऑक्टोबरात, ज्या दोन देशांची नावे त्याच्या नावात एकत्र नांदत होती त्यांचे हिमालयात युद्ध झाले. तो वडिलांच्या मार्गानेच वैद्यकाचा अभ्यास करीत होता. पदवी हाती येण्याच्या सुमारास, १९६७ साली, त्याचाही मृत्यू झाला. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये डॉ. कोटणीसांचे टपाल तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. पती आणि पुत्र दोघांच्याही मागे राहिलेल्या कुओ चिंग-लान जून २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षाच्या आसपास, चीनच्या दालियन शहरी वारल्या.