आधी खोली, मग अठरा तास: बाबासाहेबांचे परदेशातले पहिले दिवस

जयंतीच्या भाषणांत बाबासाहेबांच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: बाबासाहेब रोज अठरा तास अभ्यास करायचे. ते खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण त्याआधीचे काही महिने आपण सांगत नाही. नव्या देशात उतरलेला बावीस वर्षांचा तरुण कुठे राहिला, काय जेवला, कोणाबरोबर राहिला, त्याचे मन कधी लागले, हे भाषणात येत नाही.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी मदत करतो. मेहकर, चिखली, लोणार, खामगाव या भागांतली आपली मुले-मुली आता परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत. गावात सत्कार होतो, शाल-पुष्पगुच्छ होतात, बॅनर लागतो. मग दोन-तीन आठवड्यांनी रात्री फोन येतो. जेवण जात नाही, वर्गातले इंग्रजी कानावरून जाते, कोणाशी बोलावे कळत नाही. आणि शेवटी हळूच एक गोष्ट निघते: बाबासाहेबांनी अठरा तास अभ्यास केला, आमच्याकडून दोन तासही होत नाही. अशा मुला-मुलींसाठी आणि त्यांना निरोप देणाऱ्या आपणा सर्वांसाठी बाबासाहेबांच्या आयुष्यातली १९१३ ते १९२३ ही दहा वर्षे रोजच्या जगण्याच्या बाजूने पाहायला हवीत.

साडेअकरा पौंड आणि एक करार

१९१३ हे वर्ष बाबासाहेबांसाठी दुःखाने सुरू झाले. २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार गेले. घरात पत्नी रमाई, काही महिन्यांचा यशवंत आणि थोरल्या भावाचे कुटुंब. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. वडिलांच्या मृत्यूला सहा महिनेही झाले नव्हते.

कोलंबिया विद्यापीठात त्यांची पहिली सोय हार्टली हॉल या वसतिगृहात झाली. तिथे ते जेमतेम एक आठवडा राहिले. तिथले जेवण त्यांना जाईना. पदार्थ नीट शिजवलेले नसत आणि बहुतेकांत गोमांस असे. ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. पुढे तिथूनही हलून ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये आले. तिथे त्यांच्यासोबत नवल भथेना हा पारशी विद्यार्थी होता. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

म्हणजे जेवण जात नाही म्हणून आठवड्यात खोली बदलणे, आपल्याकडची माणसे कुठे आहेत ते शोधणे, मग सोबत जुळेल असा एक मित्र गाठणे. आपली पोरे आज जे करतात तेच बाबासाहेबांनी केले होते. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

सुरुवातीचे काही महिने अभ्यासातही त्यांचे मन लागले नाही. नवे शहर, नवे मित्र, खेळ, फिरणे यांत दिवस गेले. ज्याला देशात प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागले, त्याला इथे कोणी जात विचारत नव्हते. एका टेबलावर सगळ्यांच्या बरोबर बसता येत होते. शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या मुलासाठी ही साधी गोष्ट नव्हती. ते टेबल, तो नळ, ती मोकळी रस्त्यावरची चाल अंगवळणी पडायला वेळ लागणारच. मग एका रात्री त्यांनी स्वतःशीच हिशेब केला: घरच्यांना मागे ठेवून आपण इथे कशासाठी आलो? तिथून तो अठरा तासांचा अभ्यास सुरू झाला.

हा क्रम लक्षात घ्या. आधी खोली, मग जेवण, मग मित्र, मग मोकळेपणा आणि त्यानंतर अठरा तास.

घडी बसल्यावर

एकदा घडी बसल्यावर त्यांनी एक मिनिट वाया घालवले नाही. खाण्यावरचा खर्च कमीत कमी: एक कप कॉफी, दोन मफिन, मासे किंवा मांसाचा एखादा पदार्थ. त्याच शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवायचे होते. उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही अभ्यासक्रम त्यांनी घेतले. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमावर जात टिकून आहे, हे त्यांनी त्यात मांडले. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या निबंधाचे एक विशेष वाटते. जात जिथे रोज अंगावर येत होती तिथून दूर गेल्यावर, एका सुरक्षित खोलीत बसून, त्यांना तिच्याकडे अभ्यासाची वस्तू म्हणून पाहता आले.

त्याच निबंधात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या एका निरीक्षणाचा दाखला दिला आहे: हिंदू माणसे जगात इतरत्र गेली तर जातीचा प्रश्न जगाचा होईल. केतकर स्वतः अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. पुढे शंभरहून अधिक वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, सिॲटल शहराच्या कौन्सिलने जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. म्हणून आज जाणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला जात पोचायची होती. आज ती आपल्या आधी विमानातून उतरलेली असू शकते आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरात आडनाव विचारू शकते.

तोच माणूस, दुसरी खोली

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परत यावे लागले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती बोट पाणतीराने बुडाली.

सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. नवा देश नव्हता, नवी भाषा नव्हती. पदव्या पाठीशी होत्या, पगार ठरलेला होता, महाराजांचा आशीर्वाद होता. फक्त राहायला खोली नव्हती. महाराच्या मुलाला बडोद्यात कोण खोली देणार? शेवटी पारशी नाव लावून ते पारशांच्या सराईत राहिले. रोजचे दीड रुपये द्यायचे. वरच्या मजल्यावर अडगळीचे सामान, रात्री एक मिणमिणता कंदील, बोलायला कोणी नाही. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव जिन्यात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला.

त्यांनी दोन मित्रांकडे विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. त्या दिवशी कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा सगळा अनुभव पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवला. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पार पुसली गेली होती आणि बडोद्याच्या स्टेशनावर ती पुन्हा समोर उभी राहिली, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. माणूस तोच. बुद्धी तीच. जिद्द तर चार वर्षांत वाढलेलीच. न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली तर त्याने जगाला जातीचे शास्त्र समजावले. बडोद्यात खोली मिळाली नाही तर दहा वर्षांची नोकरी त्याला दोन आठवड्यांच्या आत सोडावी लागली. जो आपल्या पोरांना नुसती जिद्द ठेव म्हणून सांगतो, त्याने बडोद्याचे हे दिवस आठवावेत. जिद्दीला टेकायला भिंत लागते.

आणखी एक. सराईतून हाकलणारे पारशी होते, पण लिव्हिंगस्टन हॉलमधला जिवलग सोबतीही पारशीच होता. पुढे १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतली शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत होती, तसे नवल भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्जही होते. समाजाच्या नावावर माणसाला मोजू नये, हे बाबासाहेब अनुभवाने शिकले होते.

लंडनचे पापड आणि परळची चाळ

दुसऱ्या खेपेला लंडनमध्ये त्यांचे हाल जास्त झाले. घरमालकीण कडक होती. सकाळी एक टोस्ट, थोडा मासा आणि बोव्हरिलचा कप. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की देशातून आलेले चार पापड भाजायचे आणि वर कपभर दूध. हे पापड म्हणजे त्या परक्या शहरातले त्यांचे घर. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड इथे राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. आज तिथे स्मारक आहे. लंडनला जाणारी आपली मुले ते पाहायला जातात.

पण त्याच वेळी परळच्या चाळीत रमाई होत्या. बाबासाहेब लंडनमध्ये घडी बसवत होते तेव्हा इथली घडी रमाई एकट्या सांभाळत होत्या. पैसा नाही, मुलांची आजारपणे, लोकांचे टोमणे. परदेशी गेलेल्याच्या एकटेपणाविषयी आपण बोलतो, तसे मागे राहिलेल्याच्या एकटेपणाविषयीही बोलले पाहिजे. मोताळ्याच्या किंवा देऊळगाव राजाच्या एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी गेल्यावर आई कोणाशी बोलते, म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात कोण नेते, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

१९२३ मध्ये बाबासाहेब परतले. बॅरिस्टरीची सनद घेऊन. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. परतल्यावर त्याच वर्षी मिळाली. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आपण काय करायचे

आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी ती मिळू शकते. महाराजांनी १९२० मध्ये एका तरुणाला जी मदत केली, तिचाच हा पुढचा धागा आहे. पण शिष्यवृत्ती फी भरते, निर्वाह भत्ता देते. नव्या शहरात स्टेशनवर उभे राहणारे माणूस ती देत नाही. ते माणूस समाजाने द्यायचे असते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. सत्कार जरूर करा, पण त्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिल्या महिन्याची खोली ठरली आहे का? त्या शहरात आधी गेलेला आपला कोणी आहे का आणि त्याच्याशी बोलणे झाले आहे का? आठवड्यातून एकदा फोन कोण करणार? बॅनरच्या पैशांत एक जाड कोट येतो. तोही द्या. आणि जे आज परदेशात स्थिरावले आहेत त्यांनी नव्या येणाऱ्यासाठी नवल भथेना व्हावे. एक आठवडा आपल्या खोलीत जागा दिली तरी पुष्कळ झाले.

हेच जिल्ह्यातही लागू आहे. गावातून बुलढाण्याला, खामगावला, पुढे संभाजीनगरला किंवा पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलीला आजही आडनाव सांगितल्यावर खोली आधीच गेलेली असल्याचे कळते. बडोदा १९१७ मध्येच संपलेले नाही. आपल्यापैकी ज्यांची शहरात घरे आहेत, त्यांनी वरची एक खोली अशा विद्यार्थ्यांसाठी ठेवावी.

आणि परदेशी पोचलेल्या मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला एवढेच. पहिल्या महिन्यात अभ्यास झाला नाही म्हणून बाबासाहेबांसमोर मान खाली घालू नका. ते स्वतः त्या महिन्यांतून गेले आहेत. जेवण जात नसेल तर जागा बदला, माणसे शोधा, घरी फोन करा, पापड मागवा. घडी बसली की अठरा तास आपोआप सापडतील. तोपर्यंत खोलीचे दार आतून लावून रडत बसू नका. शेजारचे दार वाजवा.

जयभीम.